मान वर! 20 मुलं, 4 जिप्सी आणि एक कॅमेऱ्याची पिशवी

गेल्या वर्षीच्या जंगल सहलीहून परतताना मी बसमध्ये पुढच्या सीटवर एकटाच बसून होतो. कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. निघण्याआधी मुलांना 22 नियम लिहून दिले होते, वहीत उतरवून घेतले होते, खाली पालकांच्या सह्याही आणवल्या होत्या. आणि जंगलात पहिलं चितळ दिसताच अख्खी गाडी एका सुरात ओरडली, "सर, हरीऽऽण!" मागच्या गाडीतून कुणीतरी शिट्टी मारली. चितळं दोन उड्यांत नाहीशी झाली. आमचा गाइड एक शब्द बोलला नाही. तोंड फिरवून दुसरीकडे बघत राहिला, आणि तेच जास्त लागलं.

ते 22 नियम नंतर मी पुन्हा वाचून काढले. चुकीचा एकही नव्हता. ओरडू नका, उतरू नका, खायला घालू नका, भडक कपडे घालू नका. सगळे 'नका'. मग करायचं काय, बघायचं काय, याबद्दल एक ओळ नव्हती. तेरा वर्षांच्या पोराला तीन तास नुसतं 'नका' करत बसायला सांगितलं तर ते शिट्टी मारणारच.

म्हणून या जानेवारीची ताडोबाची सहल आम्ही तीन आठवडे आधीच सुरू केली. तेव्हा प्रवासवर्णनही तिथूनच सुरू करतो.

पहिला शनिवार: वंचक

शाळेमागे एक तळं आहे. त्याच्या काठावर रोज एक वंचक, म्हणजे बगळ्याच्या जातीतला पक्षी, बसलेला असतो. बसला की मातकट, चिखलात चिखल. उडाला की पांढराशुभ्र. ज्याने हे नाव ठेवलं त्याला दंडवत.

आठवीची 20 मुलं. एका मुलाला वंचकाच्या दिशेने सावकाश चालायला सांगितलं, बाकीच्यांनी बाजूला बसून पक्षी काय करतो ते लिहायचं. चाळीस पावलांच्या अंतरावर वंचक मान खांद्यात घालून पाण्याकडे टक लावून होता. अंतर एकतीस पावलांवर आलं तेव्हा मान लांब झाली. चालणाऱ्याला हे कळलंच नाही, तो आपल्या पायांकडे बघत होता. बाजूला बसलेल्यांनी मात्र सगळ्यांनी लिहिलं: मान वर. चोविसाव्यावर तो जरा खाली दबला, शिटला (यावर यथेच्छ हसून झालं), आणि एकविसाव्यावर पांढरा होऊन उडाला.

वर्गात येऊन फळ्यावर तीन शब्द लिहिले. कामात. मान वर. निघालं. हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने गेल्या शतकात 'पलायन अंतर' ही कल्पना मांडली: प्रत्येक प्राणी आपल्याभोवती एक अदृश्य कुंपण घेऊन फिरतो, त्याच्या आत कुणी आलं की तो पळतो. बहुतेक माणसांना हे कुंपण कळतं ते ओलांडल्यावर, म्हणजे प्राण्याची पाठ दिसते तेव्हा. पण त्याच्या बाहेर आणखी एक रेघ असते. तिथे प्राणी हातातलं काम सोडून आपल्याकडे बघायला लागतो. आमच्या वंचकाच्या बाबतीत पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंत 10 पावलं होती. एवढ्या वेळात त्याचं खाणं थांबलेलंच होतं.

मी हे सगळं मोठ्या खुशीत सांगत होतो. इतक्यात दुसऱ्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "सर, पण आपणच उडवलं ना त्याला? तो मासा धरणार होता."

पुढे तीन फेऱ्या ठरवल्या होत्या. त्या तशा घेता आल्या नाहीत. मग ठरलं की चालायचं ते मान वर होईपर्यंतच, मग दोन पावलं मागे यायचं आणि बसून राहायचं. सोमवारी मधल्या सुट्टीत करून पाहिलं. वंचक तोच की दुसरा, माहीत नाही. मुलगी मागे सरकून बसली. काही मिनिटं गेली, मग मान पुन्हा खांद्यात गेली. "सर, कामात!" असं ती इतक्या हळू म्हणाली की मला ओठांवरूनच कळलं.

आमचा एवढाच नियम राहिला. मान वर दिसली की आपण थांबायचं, खाली जाईपर्यंत मागे राहायचं. बाकीचे 21 कसे आपोआप आले ते पुढे सांगतो.

दुसरा शनिवार: दोर, अंगठा आणि डोळ्यांवर पट्टी

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 सालच्या मार्गदर्शक सूचनांत गाडी आणि वन्यप्राणी यांच्यात किमान 20 मीटर अंतर सांगितलं आहे. 20 मीटर म्हणजे किती, हे मला तरी डोळ्यांनी सांगता आलं नसतं. मैदानावर दोर टाकला. आधी प्रत्येकाने अंदाजाने खुणेचा दगड ठेवायचा होता. बहुतेकांचे दगड 12 ते 14 मीटरवर पडले. माझाही.

जंगलात दोर नसतो, म्हणून अंगठा. हात पूर्ण सरळ करायचा, अंगठा आडवा धरायचा, एक डोळा मिटायचा. अंगठ्याखाली जनावर पूर्ण झाकलं तर ठीक, बाहेर डोकावलं तर आपण फार जवळ आहोत. युक्ती जुनी आहे, पण यात गणित दडलंय हे मुलांनीच शोधलं. अंगठा साधारण 6 सेंटीमीटर, डोळ्यापासूनचं अंतर साधारण 60. म्हणजे एकास दहा. वाघाचं अंग शेपूट सोडून 2 मीटरच्या आसपास, तेव्हा ते झाकायला 20 मीटर लागणार. रानगवा 3 मीटर धरला तर 30. जनावर मोठं तसं अंतर आपोआप वाढतं. चितळासारख्या लहान प्राण्याला मात्र अंगठा फसवतो, तो 15 मीटरवरही झाकला जातो. म्हणून अंगठा आधी, पण निकाल मानेचा.

त्या दिवशीचा खरा धमाल खेळ पट्टीचा होता. एक मूल 20 मीटरवर डोळे बांधून बसणार. ते सांबर. इकडे चार बाक मांडून केलेली जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, तिच्यात सहा जण. त्यांनी अगदी गप्प बसायचं, पण जंगलात जे करावं लागतं ते सगळं करायचं: पाणी प्यायचं, वही काढायची, टोपी घालायची, दुर्बीण एकमेकांकडे द्यायची. सांबराला काही ऐकू आलं की त्याने हात वर करायचा आणि तो आवाज कशाचा ते ओळखायचं.

आम्हा शिक्षकांची समजूत अशी की कुजबूज ऐकू जाईल. कुजबुजीला हात क्वचित वर झाला. वर झाला तो बाटलीच्या झाकणाला, पिशवीच्या चेनला, खाऊच्या चुरचुरीत पाकिटाला, आणि थंडीसाठी आणलेल्या जर्किनला. ते जर्किन नुसता हात हलवला तरी सरसर वाजायचं. सगळ्यात वर नंबर व्हेल्क्रोचा. दप्तराचा व्हेल्क्रो टर्रकन उघडला तेव्हा सांबर झालेला मुलगा अक्षरशः दचकला. आणि सांबराचे कान त्याच्या कानांपेक्षा कितीतरी मोठे.

मग यादी मुलांनी केली. पाकिटं नकोत, झाकणं आधीच सैल करून ठेवायची, वही मांडीवर उघडीच ठेवायची, जर्किनच्या आत नाही तर वर सुती शर्ट घालायचा. कपड्यांच्या रंगावर वाद झाला. लाल नको असं सगळेच सांगतात, पण हरणांना लाल आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही. वाघाचा नारिंगी रंग त्यामुळेच झाडीत खपून जातो. त्यांना जास्त खुपतो तो निळा. आमच्या शाळेचा स्वेटर निळा आहे. मुख्याध्यापकांनी लेखी अर्ज मागून घेतला आणि तीन दिवसांपुरती गणवेशाला सुट्टी दिली.

तिसरा शनिवार: कात्रण

या दिवशी वर्तमानपत्राचं एक कात्रण नेलं. 2024च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे 5 बछडे रस्त्यात असताना पर्यटकांच्या गाड्यांनी त्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली होती. त्याची चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

चूक कुणाची, असं विचारलं. सगळे म्हणाले ड्रायव्हरची. गाइडची. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून आवाज आला, "पण 'अजून पुढे घ्या ना' असं मागून कोण म्हणालं असेल?" हा प्रश्न विचारणारा मुलगा वर्गातला सगळ्यात अधीर प्राणी. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

मग अंगाची भाषा. चितळ पुढचा पाय आपटतं, शेपटी वर करतं. गवा पळण्याआधी बाजूने उभा राहून आपलं अख्खं धूड दाखवतो, फुरफुरतो. तो आपल्याला पोझ देतोय असं वाटणं सोपं आहे. वाघाचे कान मागे फिरले आणि शेपटी जोरात हलू लागली की तो वैतागलाय. अस्वलाची नजर अधू, म्हणून ते दचकतं उशिरा आणि जवळून, आणि दचकलेलं अस्वल हल्ला करतं. पायी असताना समोर कुणी आलं तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, सगळ्यांनी एकत्र राहून सावकाश मागे सरायचं. अपवाद आग्या मोहोळाचा. तिथे तोंड झाकून, हात न झटकता लांब पळायचंच. शाळांच्या सहलींना वाघापेक्षा या माश्यांची भीती जास्त बाळगायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून अत्तर, सुगंधी तेल घरीच.

कायद्यातली एकच गोष्ट सांगितली. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी, घरटी विस्कटणंही येतं. म्हणजे फोटोसाठी घरट्यापुढची फांदी बाजूला सारणारा माणूस कायद्याच्या भाषेत शिकाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू शकतो. वर्ग एकदम गप्प झाला. बहुधा प्रत्येकाला आपापली एखादी फांदी आठवली असावी.

संध्याकाळी पालकसभा झाली. पहिला प्रश्न: "सर, वाघ दिसेल ना नक्की?"

मंगळवार: इरईच्या काठी

ताडोबाचा गाभा, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो, म्हणून आम्ही मंगळवारी पोहोचायचं आणि बुधवारी दोन सफारी, असा बेत होता. दिवसभराचा बसप्रवास. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की दोघांना उलट्या झाल्या.

मोहर्लीजवळ पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. इरई धरणाचं पाणी इथे जंगलाला येऊन भिडतं. मुलं सात तास कोंबून बसलेली, त्यामुळे उतरताच पाण्याकडे धावणार हे उघड होतं. धावलीच. पण काठापासून बरंच अलीकडे सगळ्यात पुढची मुलगी थबकली आणि तिने हात खाली दाबून खूण केली. काठावर सहा-सात चक्रवाक होते, विटकरी रंगाचे, फिकट डोक्यांचे. सातांपैकी तिघांच्या माना वर.

वीसच्या वीस मुलं होती तिथे खाली बसली. मी काहीही सांगितलं नव्हतं. आमच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दहा मिनिटं तशीच गेली. माना खाली गेल्या, चक्रवाक चरत चरत आमच्याच बाजूला सरकू लागले, इतके की शेवटी दुर्बीण लागेना. अंधार पडायला लागला तेव्हा उठायचं कसं हा प्रश्न आला, कारण उठलं की ते उडणार. मग सगळे बसल्या बसल्या मागे सरकत आलो. पँटींची माती दुसऱ्या दिवशीपर्यंत गेली नाही.

रात्री बॅटरी फक्त पायापुढे, डोळ्यांच्या उंचीवर नाही, एवढंच सांगितलं आणि झोपलो. थंडी कडाक्याची होती.

बुधवार सकाळ: माझी पिशवी

पहाटे मोहर्ली गेटवर 4 जिप्सी. एकेकीत 5 मुलं आणि एक शिक्षक. गाभा क्षेत्रात मोबाइलला बंदी आहे, तेव्हा आम्हा मोठ्यांचेही फोन मागेच राहिले. कॅमेरा चालतो. माझ्याकडे होता.

आमच्या जिप्सीत गाइड ताई मोहर्लीच्याच बाजूच्या. त्यांनी नेहमीप्रमाणे सूचना द्यायला सुरुवात केली, दोन वाक्यांनंतर थांबल्या, मुलांकडे बघितलं आणि मला विचारलं, "सर, काहून एवढी गप्प हायेत पोरं? भेली काय?"

आत शिरलं की रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर दगडी खांब लागतात. गोंड राजांच्या काळातले म्हणतात. ताडोबा हे नावही तारू या गोंड देवावरून आलं. वाघाशी लढताना तो मेला अशी कथा, तळ्याच्या काठी त्याचं ठाणं आहे. 1955 साली 116 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 साली अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प. चष्मेवालीने हिशेब मांडला: "1955 पासून म्हणजे इथल्या वाघांच्या किती पिढ्या गाड्या बघत आल्या?" ताई म्हणाल्या, म्हणूनच इथला वाघ गाडीकडे बघतही नाही. मी त्यात भर घातली की बघत नाही याचा अर्थ त्याला चालतं असा नाही. सरावला आहे, एवढंच. ताईंनी मान डोलावली, पण त्यांना ते पूर्ण पटलं असं दिसलं नाही. त्या रोज बघतात, मी वर्षातून एकदा. त्यामुळे मीही पुढे रेटलं नाही.

सागाची मोठमोठी पानं वाळून खडखडत होती. मग ऐनाची झाडं, मगरीच्या पाठीसारखी साल. बांबू. पहिला चितळांचा कळप लागला. गेल्या वर्षीचा प्रसंग आठवून माझ्या पोटात गोळा आला. जिप्सीत अंगठे वर आले. कुणीतरी पुटपुटलं, "कामात." पाच पेन्सिली वहीवर सरसरल्या. ड्रायव्हर दादांनी मागे वळून बघितलं, की पोरं आहेत ना जागी.

पुढे वळणावर सांबर. एकटा नर, भरदार शिंगं, मानेवरची आयाळ दवाने ओली. बांबूच्या सावलीत खालचा पाला ओढत होता. ऊन त्याच्या पाठीवर तिरकं येत होतं आणि अंगातून वाफ निघत होती. असा उजेड क्वचित मिळतो. मी हळूच मांडीवरच्या पिशवीकडे हात नेला आणि कॅमेरा काढायला झाकण उचललं.

टर्र.

पिशवीला व्हेल्क्रो होता. दुसऱ्या शनिवारी मी स्वतः फळ्यावर व्हेल्क्रोपुढे तीन फुल्या मारल्या होत्या. मुलांची दप्तरं तपासली होती. आपली पिशवी तपासायची राहिली.

सांबराने मान वर केली, असं म्हणायलाही वेळ मिळाला नाही. 'ढाँक' असा एकच दणदणीत आवाज केला, पाय आपटला आणि बांबू मोडत गेला. त्या आवाजाने पलीकडची वानरं खकारली, त्यांच्यामागे चितळं ओरडली. दूर कुठेतरी दुसरी जिप्सी भरधाव निघाल्याचा आवाज आला. सांबराचा कॉल म्हणजे वाघ, असा इथला पक्का हिशेब. ताई कपाळावर हात मारून हसल्या. "सर, आता सगळ्या गाड्या येतील इथं वाघ शोधायला."

आल्याही. तीन. त्यांना ताईंनी काय सांगितलं ते मला कळू दिलं नाही.

मुलांपैकी कुणीही एक शब्द बोललं नाही. त्या शांततेत मला पाचही पेन्सिलींचा आवाज स्पष्ट ऐकू आला. नंतर वह्या तपासताना सापडलेली एक नोंद जशीच्या तशी देतो: "सांबर नर. कामात. सरांच्या पिशवीचा व्हेल्क्रो. निघालं."

बुधवार दुपार: शेपूट

दुपारच्या फेरीला मी कॅमेरा खोलीतच ठेवला. तो अधीर मुलगा आता माझ्या गाडीत होता. वाघ बघायचाच या एका इच्छेवर त्याने तीन शनिवार काढले होते.

ऊन कलल्यावर वानरांचा कॉल सुरू झाला, या वेळी खरा. गाडी थांबली. पुढे दोन जिप्सी होत्या, मागून दोन आल्या. डाव्या बाजूच्या गवतात वाघीण होती. मला आधी काहीच दिसलं नाही. मग गवताच्या दोन काड्यांमध्ये एक कान दिसला, त्यामागचा पांढरा ठिपका. ती उठली आणि रस्त्याच्या दिशेने चालू लागली. समोरच्या गाड्या आणि आमची गाडी यांच्या मधल्या फटीतून तिला पलीकडे जायचं होतं, हे तिच्या चालीवरून दिसत होतं. पुढच्या गाड्यांतल्या हौशी मंडळींनी आपापल्या ड्रायव्हरला मागे घ्यायला लावलं. फट अरुंद झाली. वाघीण थांबली. मान वर.

आमच्या गाडीतून ती समोर होती, निर्वेध. असं दर्शन लोकांना दहा-दहा फेऱ्यांत मिळत नाही.

"दादा," चष्मेवाली म्हणाली, "तिला रस्ता ओलांडायचाय. आपण मागे घेऊ या ना."

दादांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, मी लगेच हो म्हणालो नाही. दोन-तीन सेकंद गेली असतील. मग मान हलवली. ताईंनी मागच्या गाड्यांना हात करून सरकायला सांगितलं, आमची जिप्सी मागे मागे गेली आणि आमच्यापुढे झाडोरा आला. वाघीण ओलांडून गेली. आम्हाला दिसली ती शेवटची, मागचे पाय आणि शेपूट. पुढच्या गाड्यांतल्यांना ती अख्खी दिसली, कारण तो सगळा रस्ता त्यांच्यासमोर होता.

अधीर मुलाने वही मिटली. "आपण मागे घेतलं आणि बघायला त्यांना मिळालं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, तेवढं भान होतं. पण डोळे भरले होते. मी काहीतरी समजावणीचं बोलणार होतो. ताईंनी नजरेनेच थांबवलं.

आमच्या बाकीच्या तीन गाड्यांना वाघ दिसलाच नाही. एका गाडीला रानकुत्री दिसली, ताडोबा तळ्याच्या काठी, आणि पाण्यात मगर. त्या गाडीतल्या बाई रात्री ते सांगताना इतक्या रंगल्या की शेपटाचा विषय मागे पडला. तरी तो मुलगा रात्री गप्पच होता. मी जवळ जाऊन बसलो तर म्हणाला, "सर, मला पटलंय. पण राग गेला नाही." यावर काय बोलणार? मीही सकाळपासून सांबराच्या फोटोसाठी हळहळत होतोच.

गुरुवार: आगरझरी, आणि परत

सकाळी आगरझरीच्या फुलपाखरू उद्यानात गेलो. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, 2015 साली जाहीर झालं. ते काही दिसलं नाही, थंडीत फुलपाखरं तशी कमीच. ऊन तापल्यावर ओल्या मातीवर काही पिवळी बसली. इथे मान नसते, तेव्हा बघायचं काय असा पेच पडला. त्यांना आधी कळते ती आपली सावली. सूर्य आपल्या तोंडावर राहील अशा बाजूने गेलं तर सावली मागे पडते. हे मुलांना सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास 20 मुलं उन्हाकडे तोंड करून रांगत होती.

अधीर मुलगा त्यांच्यात सगळ्यात पुढे होता. पालथा पडून, हनुवटी मातीला टेकवून. एक फुलपाखरू त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर सोंड मातीत खुपसून बसलं होतं. मी सवयीने जवळ गेलो. त्याने मागे न बघता हात वर करून मला थांबवलं.

"सर, सावली."

परतीच्या बसमध्ये बहुतेक सगळे झोपले. या वेळीही मी पुढच्याच सीटवर होतो. वह्या चाळत होतो. 20 वह्यांपैकी 14 वह्यांत माझ्या पिशवीचा उल्लेख होता, दोघींनी चित्रंही काढली होती. एका चित्रात सांबर हसत होतं.

घरी आल्यावर पहिल्यांदा पिशवीचा व्हेल्क्रो उसवून काढला आणि दोन बटणं लावली. एक जरा तिरकं बसलंय.